रस्त्याची कड कुणाची? पुण्याच्या पेठांतील पार्किंग आणि वहिवाटीचा इतिहास

पुण्यात पार्किंगचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. दुकानदार म्हणतात, गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलकडे चालले. गाडीवाले म्हणतात, आम्ही कर भरतो, मग गाडी डोक्यावर घेऊन फिरायची का? वर्तमानपत्रे म्हणतात, शहराला वाहनतळ कमी पडतात. आणि शेवटी सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते, की पथारीवाल्यांनी रस्ता अडवला आहे. मग अतिक्रमण विभागाची गाडी येते, दोनचार हातगाड्या उचलते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तासाभरात दुचाकींची रांग लागते. रस्ता जितका अडलेला होता तितकाच राहतो. अडवणारा तेवढा बदलतो.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. रस्त्याची कड ही जमीन आहे, आणि ती सार्वजनिक पैशाने बांधलेली, झाडलेली, राखलेली जमीन आहे. ती कुणाला, किती वेळ, कोणत्या मोबदल्यात वापरायला मिळते? आणि हे ठरवते कोण? आमच्या मते पार्किंगचा प्रश्न मुळात वाटपाचा प्रश्न आहे. सार्वजनिक वस्तूच्या वाटपाचा प्रश्न आला की आंबेडकरी माणसाला इतिहासात मागे जावेच लागते, कारण सार्वजनिक रस्ता सगळ्यांचा असतो ही गोष्ट आपल्याला कुणी वारशात दिलेली नाही. ती भांडून मिळवावी लागली आहे.

काही मित्र म्हणतील, शिष्यवृत्त्या रखडल्या, सरकारी नोकऱ्या कंत्राटी झाल्या, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही पार्किंगवर कसले लिहिता? आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथल्या कित्येक घरांची रोजची भाकरी याच कडेवर बसून मिळते. लिंबू-मिरची विकणारी, जुने कपडे विकणारी, चहाची टपरी चालवणारी बाई महापालिकेच्या नजरेत अतिक्रमण आहे. तिच्या शेजारी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असलेली मोटार अतिक्रमण नाही. हा फरक आला कुठून, ते समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई लढता येणार नाही.

वेळ नेमून दिलेले रस्ते

पुण्याच्या रस्त्यांवर कुणी कधी यायचे याचे नियम वाहतूक पोलिसांनी सुरू केलेले नाहीत. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही गो. स. घुर्ये यांचे जातीवरचे पुस्तक वाचले. पेशवाईत महार आणि मांग यांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती, अशी नोंद त्यात आहे. कारण काय, तर त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि लांब सावलीने ब्राह्मण बाटतो. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशव्यांच्या राजधानीतल्या अस्पृश्याचे वर्णन केले आहे. आपल्या पावलांची धूळ मागून झाडली जावी म्हणून कमरेला झाडू, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके.

हे आम्ही अंगावर काटा यावा म्हणून सांगत नाही. यात रस्त्याच्या व्यवस्थापनाचे एक संपूर्ण तत्त्व दडलेले आहे. रस्ता मुळात काही लोकांचा, बाकीच्यांनी तो त्यांची सोय सांभाळून, नेमून दिलेल्या वेळेत वापरायचा. इतर प्रांतांत वेगळे काही नव्हते. त्रावणकोरमध्ये १८९३ साली अय्यंकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून निघाले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुलया जातीचा माणूस रस्त्यावर आला हा एक गुन्हा आणि वाहनात बसून आला हा दुसरा. बाबासाहेबांना १९२९ साली चाळीसगावात काय अनुभव आला तो आपल्या सर्वांना माहीत आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसाला न्यायला टांगेवाले तयार होईनात, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि बाबासाहेब पुलावर जायबंदी झाले. रस्ता आणि वाहन, दोन्ही जातीच्या ताब्यात होते.

आता महाडकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. इथपर्यंतचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतरचा खटला मात्र आपण कमी सांगतो, आणि आजच्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या मालकीचे आहे आणि फक्त स्पृश्यांनी ते वापरावे अशी पूर्वापार वहिवाट आहे. हा खटला तब्बल दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. तळे नगरपालिकेचे, आणि सवर्णांनी सांगितलेली अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आलेली नाही.

वहिवाट हा शब्द नीट लक्षात ठेवा. सार्वजनिक वस्तू बरीच वर्षे एकट्याने वापरली की ती आपलीच वाटायला लागते. मग दुसरा कुणी आला की तो घुसखोर ठरतो. महाडच्या खटल्याने हा दावा न्यायालयात मोडला आणि पुढे संविधानाने तो कायमचा मोडला. अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. सार्वजनिक पैशाने राखलेल्या रस्त्याच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अटकाव करता येणार नाही. रस्ता हा शब्द त्या अनुच्छेदात सहज म्हणून आलेला नाही. शेकडो वर्षांचा अपमान त्यामागे आहे.

शनिवारवाड्यापुढचा बाजार आणि मंडईची इमारत

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. इंग्रजी अमलात नगरपालिकेने तो उचलून मोठ्या दगडी इमारतीत नेण्याचे ठरवले. १८८६ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या या खर्चिक योजनेला त्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. इमारतीला विरोध करणाऱ्याचे नाव इमारतीला लागले. शाळांचा प्रश्न तिथेच राहिला.

आम्ही मंडईच्या विरोधात नाही. पावसात भिजणाऱ्या भाजीवाल्याला छप्पर मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या इमारतीने आणखी एक गोष्ट केली. तिने आत आणि बाहेर अशी रेघ ओढली. ज्याच्याकडे गाळा तो व्यापारी. ज्याच्याकडे गाळा नाही, जो त्याच भाजीची पाटी घेऊन दाराबाहेर बसला, तो अडथळा. पटांगणात दोघे एकाच उन्हात बसत होते. गावकुसाच्या आत आणि बाहेर ही वाटणी आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. शहरात ती गाळ्याच्या पावतीवर होऊ लागली.

बाहेर बसणारे कोण होते, हेही पाहायला हवे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबे पुण्यात आली. त्यातली किती तरी आज आमच्या वस्त्यांत राहतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, कारागिरीची हत्यारे नव्हती, दुकानाला अनामत भरायला पैसे नव्हते, त्यांच्यासाठी रस्त्याची कड हेच भांडवल होते. जात पुसून टाकणारे शहर त्यांना हवे होते. त्यांना मिळाली दीड हात जागा, आणि तीही रोज सकाळी नव्याने धरावी लागणारी.

बिल्ल्यापासून फुकट पार्किंगपर्यंत

एके काळी पुणे सायकलींचे शहर होते. जुनी माणसे सांगतात, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. तो दरवर्षी पैसे भरून घ्यावा लागे आणि नसला की दंड होई. म्हणजे गिरणीत, छापखान्यात, कारखान्यात कामाला जाणाऱ्या गरीब माणसाच्या सायकलकडून स्थानिक संस्था कर घेत होती. मग आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या, नव्वदनंतर बँकांनी कर्जाची दारे उघडली आणि दारोदार मोटारी आल्या. वाहनांची संख्या वाढत गेली, तसे त्यांना उभे राहण्यासाठी पैसे लागत नाहीत हे मात्र जन्मसिद्ध हक्कासारखे पक्के होत गेले. २०१८ च्या सुमारास पुण्यात नोंदलेली वाहने शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हाही त्यांच्या जागेचे भाडे कुणी काढले नाही.

मंडईच्या परिसरात फिरा. आर्यन, मिनर्व्हा ही वाहनतळांची नावे मुळात चित्रपटगृहांची आहेत. १९१५ मध्ये सुरू झालेले आर्यन १९८३ मध्ये पाडले गेले आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. जवळच हुतात्मा बाबू गेनू वाहनतळ आहे. आंबेगाव तालुक्यातून मुंबईत गेलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारलॉरीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडून मेला. मोटारीखाली मेलेल्या कामगाराचे नाव आपण मोटारी लावण्याच्या इमारतीला दिले आहे. आपली सत्ताधारी मंडळी नावे देतात तेव्हा त्या माणसाचे काय झाले होते हे वाचत नाहीत, एवढेच म्हणू.

हे वाहनतळ उभे राहिले, पण त्यामुळे रस्ते मोकळे झाले का? नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे. दुकानासमोर फुकट लावता येत असेल तर पैसे देऊन दुसऱ्या मजल्यावर गाडी कोण चढवील? कडेची जागा फुकट किंवा वाहनतळापेक्षा स्वस्त असेपर्यंत कितीही वाहनतळ बांधले तरी कड भरलेलीच राहणार. जागा शोधत फिरणारी गाडी पुन्हा त्याच चौकाला वळसा घालणार आणि मागे बस अडकणार. त्या बसमध्ये आपली माणसे असतात.

महापालिका आणि पोलीस यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पी-१ आणि पी-२ च्या पाट्या. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला. सफाई कामगार ताईंना विचारले तर त्या सांगतात, ज्या बाजूला गाड्या नसतात त्या बाजूचा तरी कचरा नीट निघतो. बाकी ठिकाणी त्यांना पहाटे गाडीखाली झाडू घालून, कमरेत वाकून कचरा ओढावा लागतो. पेशवाईत झाडू आपल्या कमरेला बांधला होता. आज तो हातात आहे आणि त्याला पगार मिळतो, हा फरक मोठाच आहे. पण रस्ता कुणाच्या सोयीने आखला आणि तो झाडणारे कोण, हे पाहिले की बदल अर्धाच झाला आहे हे कळते.

एक गाडी, बारा पथाऱ्या

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे मान्य केले. त्याच निकालात असेही म्हटले, की पदपथ ही पादचाऱ्यांसाठीची सार्वजनिक मालमत्ता आहे आणि परवानगीशिवाय तिचा खासगी कामासाठी वापर करण्याचा हक्क कुणाला नाही. झोपडीवाल्याला आणि पथारीवाल्याला हटवताना हे दुसरे वाक्य चाळीस वर्षे ऐकवले जात आहे. आम्हाला ते मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ते सगळ्यांना लावा. मोटार ही सार्वजनिक वस्तू आहे का? ती पदपथावर चढवून उभी केली, तर तो खासगी वापर नाही का?

१९८९ च्या सोदान सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले, की रस्त्याच्या कडेला व्यवसाय करणे हा अनुच्छेद १९ (१) (छ) खालचा हक्क आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात ९ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने हे निर्बंध किती बारीक असू शकतात ते दाखवले. फेरीवाल्याने एक मीटर बाय एक मीटर एवढ्याच जागेत बसावे. मंडई आणि रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत नको. शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ यांच्यापासून शंभर मीटरच्या आत नको.

आता हिशेब करा. बांधकाम नियमावलीत मोटारीच्या एका जागेचे माप अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. सर्वोच्च न्यायालयाच्या मापाने तेवढ्यात बारा फेरीवाले बसतात. गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा सोडली तरी सहा बायका आपली घरे चालवू शकतात. त्या सहा बायकांना प्रमाणपत्र हवे, शुल्क भरायला हवे, अंतर पाळायला हवे. साडेबारा चौरस मीटर अडवून बसलेल्या एका रिकाम्या गाडीला यातले काही नको.

संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही हटवायचे नाही. हटवायचे झाले तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यात एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. कागदावर हा कायदा उत्तम आहे. बोले ठरावही कागदावर उत्तमच होता.

प्रत्यक्षात काय होते? नो पार्किंगमधली गाडी उचलून नेली तर मालक दंड भरून तीच गाडी, तशीच, त्याच दिवशी घेऊन येतो. कोथिंबिरीची पाटी उचलली तर ती यादीतही येत नाही आणि परतही येत नाही. आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा काटा आणि पाटी गेली तेव्हा पावती मागायला आम्ही बरोबर गेलो होतो. संबंधित कार्यालयात कुणी पावतीपुस्तक काढले नाही. कायदा दोघांना आहे, वागणूक दोन आहेत.

दुकानदारांच्या गरजेतून आलेला मीटर

पैसे घेऊन पार्किंग ही कल्पना म्हणजे गरिबांची लूट किंवा व्यापारावर गदा, असा समज पसरवला जातो. म्हणून तिचा जन्म कसा झाला ते सांगितले पाहिजे. जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये बसला. तिथे तक्रार दुकानदारांचीच होती. बाजारात काम करणारे लोक सकाळी गाडी लावून दिवसभर हलत नसत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे. कार्ल मॅगी यांच्या पुढाकाराने तासाला पाच सेंटचा मीटर बसला आणि गाड्या हलू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पासाडेना या पडत्या बाजारपेठेत १९९३ मध्ये मीटर बसवताना दुकानदार आधी घाबरले होते. जमा होणारा पैसा त्याच भागाच्या पदपथांवर, दिव्यांवर, स्वच्छतेवर खर्च होईल असे ठरल्यावर ते तयार झाले, आणि तो बाजार पुन्हा उभा राहिला. जपानने तर १९६२ मध्येच कायदा केला, की गाडी ठेवायला स्वतःची जागा असल्याचे दाखवल्याशिवाय गाडी नोंदवता येणार नाही.

आमच्या बाजारात दिवसभर दुकानासमोर उभ्या असलेल्या दुचाकी कुणाच्या असतात? बहुतेक वेळा खुद्द दुकानदाराच्या आणि त्याच्या नोकरांच्या. गिऱ्हाईक अर्ध्या तासासाठी येते आणि जागा नाही म्हणून परत जाते. दोष मात्र पथारीवर जातो.

२०१८ मध्ये काय झाले

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले होते, की वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे आणि पार्किंगचे शुल्क जागेच्या खऱ्या किमतीशी जोडावे. या दिशेने पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंग धोरण आणले. रस्त्यांची वर्गवारी, तासाप्रमाणे दर, रात्रीच्या पार्किंगलाही शुल्क. शहरात एकच गहजब झाला. पक्ष रस्त्यावर उतरले. शेवटी धोरण कापून, पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून मंजूर झाले आणि पुढची वर्षे ते कागदावरच राहिले.

विरोधाची भाषा काय होती? सामान्य माणसावर बोजा. हा सामान्य माणूस कोण? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरपैकी पाचपेक्षाही कमी कुटुंबांकडे मोटार होती, ४.७ टक्के. शहरी कुटुंबांत ९.७ टक्के. दुचाकी शहरी कुटुंबांत ३५.२ टक्के. तेव्हापासून आकडे नक्कीच वाढले असतील. तरीही चालत जाणारा, बसने जाणारा माणूस या शहरात मोठ्या संख्येने आहे आणि त्याच्या नावाने कुणी मोर्चा काढला नाही. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्या वाट्याची जमीन गाडीवाल्याला फुकट देणे, यालाच सामान्य माणसाचे हित म्हटले गेले.

आम्ही कर भरतो, हा युक्तिवादही तपासू. वाहनकर राज्य सरकारकडे जातो आणि तो रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी असतो. त्यातून तुळशीबागेजवळची साडेबारा चौरस मीटर जमीन विकत मिळत नाही. कर भरल्याने जमीन मिळत असती, तर अप्रत्यक्ष कर मावशीही भरते.

धंदा बसेल, ही भीतीही पाहू. विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्ता चोवीस तासांहून अधिक काळ वाहनांना बंद असतो, तेव्हा शहर कोसळत नाही. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून त्याच रस्त्याचा काही भाग मोकळा ठेवण्यात आला, तेव्हा तिथे माणसेच माणसे होती. म्हणजे हे शक्य आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

एक आक्षेप आमच्याच लोकांकडून येईल, आणि तो रास्त आहे. आता आपल्या पोरांकडेही दुचाकी आहे. डिलिव्हरीचे काम करणारा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रिक्षावाला, छोटा टेम्पोवाला यांचे पोट वाहनावर आहे. शिकून नोकरीला लागलेले आपले बांधव मोटार घेतात आणि त्यांनी ती अभिमानाने घ्यावी. बाबासाहेबांना टांगा नाकारणाऱ्या देशात आपल्या दारात गाडी उभी राहणे ही छोटी गोष्ट नाही. पण गाडी घेणे हा हक्क आणि ती सार्वजनिक जागेत फुकट ठेवणे हा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा हिस्सा वापरल्याची वाजवी किंमत देणे हे समतेच्या विरुद्ध नाही, समतेची ती अटच आहे.

दुसरा आक्षेप असा, की वहिवाट चालत नसेल तर पथारीवाल्यांची पन्नास वर्षांची वहिवाट कशी चालेल? आम्ही पथारीवाल्यांची बाजू वहिवाटीवर मांडतच नाही. ती उपजीविकेच्या हक्कावर आणि २०१४ च्या कायद्यावर उभी आहे. त्यात माप आहे, शुल्क आहे, स्थलांतराचे नियम आहेत, पादचाऱ्याला वाट सोडण्याचे बंधन आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला जाता येणार नाही अशी पथारी आम्हालाही नको. तोच न्याय गाडीला लावा, एवढीच मागणी आहे.

मागण्या

एक, पेठेतल्या प्रत्येक बाजारपेठेच्या कडेची मोजणी व्हावी. किती मीटर लांबी, त्यात पदपथ किती, बसथांबा आणि रिक्षाथांबा किती, पथारी किती, गाड्या किती, हे नकाशावर यावे आणि क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लागावे.

दोन, वाटपाचा क्रम ठरावा. आधी चालणारा, मग बस आणि रिक्षा, अपंगांची वाहने, मग प्रमाणपत्रधारक विक्रेते, माल चढवण्या-उतरवण्याची ठराविक वेळ, आणि उरलेल्या जागेत खासगी गाड्या. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

तीन, खासगी मोटारीला गर्दीच्या वेळी तासागणिक चढे शुल्क, दुचाकीला कमी. कडेचा दर जवळच्या वाहनतळापेक्षा जास्त असावा, म्हणजे दिवसभर थांबणारा वाहनतळात जाईल.

चार, जमा होणारा पैसा त्याच भागात खर्च व्हावा, आणि किती जमा झाला, कशावर गेला ते दर तिमाहीला जाहीर व्हावे. स्वच्छतागृहे, विशेषतः स्त्री विक्रेत्यांसाठी, पहिल्या यादीत हवीत. ठेकेदाराच्या खिशात जाणारी वसुली म्हणजे पार्किंग धोरण नव्हे. वसुली करणाऱ्या पोरांना किमान वेतन आणि ओळखपत्र मिळालेच पाहिजे.

पाच, पार्किंगचा कोणताही आराखडा शहर फेरीवाला समितीपुढे ठेवल्याशिवाय मंजूर करू नये. ज्यांची जागा त्यातून जाणार आहे, ते टेबलावर हवेत.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोठ्या परिषदेची वाट पाहू नये. आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि चार प्रश्न विचारा. या बाजारात अधिकृत पार्किंगच्या जागा किती? त्यातून गेल्या वर्षी उत्पन्न किती? विक्रेत्यांना दिलेली प्रमाणपत्रे किती? गेल्या वर्षी जप्त केलेल्या मालाच्या याद्या कुठे आहेत? उत्तरे आली तर ती वस्तीत वाचून दाखवा. नाही आली तर अपील करा. महाडचा खटला दहा वर्षे चालला होता, आणि त्या दहा वर्षांत बाबासाहेबांनी कागद सोडला नव्हता.

जय भीम.